चाटूला साबण लावू नका

दचकू नका. खिडकीतल्या खिळ्यावरून बोलतोय तो मी, आत्याचा चाटू. चाटू म्हणजे आंबवण ढवळायचा लाकडी डाव. आजकाल दुकानात माझ्यासारखे पुष्कळ मिळतात, गुळगुळीत आणि चकचकीत, पण त्यांच्याजवळ सांगण्यासारखं काही नसतं. माझ्याजवळ आहे. माझ्या पोटाला केसाएवढी एक भेग आहे आणि तिच्यात इतकी बिऱ्हाडं राहतात की मोजायला बसलात तर आकडे संपतील. पुढचं सगळं रामायण त्यांच्यापायीच घडलं.

मी भित्रा आहे, हे आधीच सांगून टाकतो. भांडं आपटलं की मी खिळ्यावर थरथरतो. उकळत्या पाण्याचं तर मला नाव काढलेलं खपत नाही. शिजवायला आमच्याकडे पितळी डाव आहे, तो शूर. मी फक्त गार, आंबट, कच्च्या आंबवणापुरता.

माझा जन्म सुताराच्या हातचा. हा सुतार म्हणजे आत्याचे वडील. खिडक्यांच्या चौकटी करायचे. वाऱ्याने मोडलेली तुतीची एक फांदी त्यांनी घरी आणली आणि लाकूड नीट वाळायची वाटही न पाहता बायकोसाठी मला कोरून काढलं. तिचा जुना चाटू मोडला होता आणि ती तीन दिवस काठीने ढवळत होती, म्हणून ही घाई. मग त्यांनी मला उन्हात ठेवलं. संध्याकाळ व्हायच्या आत माझ्या पोटात ‘टच्’ असा आवाज झाला आणि मी तडकलो. जगात येऊन मला एक दिवससुद्धा झाला नव्हता.

सुतारकाका मला चुलीत घालणार होते. बायको म्हणाली, “राहू दे. तुमच्या टाचांना किती भेगा आहेत, तुम्हाला घातलं का मी चुलीत?”

त्या एका वाक्यावर मी आजवर जगलोय.

तिच्या घरात एक नेम होता. चिनीमातीच्या बरणीत आंबवण असायचं, म्हणजे भरडलेल्या धान्याचं आंबलेलं पातळसर पीठ. ते कधी पूर्ण संपवायचं नाही. तळाशी वाटीभर ठेवायचं, त्यात नवी भरड आणि पाणी घालायचं, माझ्याने ढवळायचं आणि वर फडकं बांधायचं. दुसऱ्या दिवशी ते फुगून यायचं. त्याची पेज शिजवायची, पुन्हा तळाशी वाटीभर ठेवायची. आणि काम झालं की मला गार पाण्याखाली तळहाताने चोळून खिळ्यावर टांगायचं. साबण नाही, राख नाही, गरम पाणी नाही. का, असं विचारलं की ती म्हणायची, “बरणी गेली तर चाटू आहे, चाटू गेला तर बरणी आहे.” तिला तिच्या आईने सांगितलेलं, तिच्या आईला आणखी कोणीतरी. का ते कोणालाच ठाऊक नव्हतं, पण पाळत सगळ्या होत्या.

माझ्या भेगेतल्या मंडळींना ठाऊक असावं. ती दिसत नाहीत, पण त्यांचं अस्तित्व मला कळतं. ओल्या भरडीत मला बुडवलं की पोटात गुदगुल्या होतात, आत कोणीतरी हळूच जागं होऊन बाहेर पडत असल्यासारख्या. वाळवलं की सगळं पुन्हा गप्प.

बरणी आणि मी आत्याकडे आलो ते तिची आई गेल्यावर. बरणी मांडीवर, मी ट्रंकेत. आत्याने लग्न केलंच नाही की केलं आणि टिकलं नाही, हे मला सांगता यायचं नाही. मी ट्रंकेत होतो. बाहेर काढलं तेव्हा आम्ही शिवणकामाच्या एका कारखान्यामागच्या दोन खोल्यांत होतो. स्वयंपाकघराची खिडकी गल्लीत उघडायची. भिंतीपलीकडे अठरा यंत्रं. ती चालू झाली की माझा खिळा गुणगुणायचा.

त्या खिडकीतून आत्या सकाळी पेज द्यायची. शिंपी यायचे, काजं करणाऱ्या बायका यायच्या, इस्त्रीवाला यायचा. उभ्याउभ्या वाटी तोंडाला लावायचे आणि एकमेकांची उणीदुणी काढत कामावर जायचे. सगळ्यात उंच शिंपी, ज्याला सगळे शिडी म्हणायचे, रोज दुसरी वाटी मागायचा आणि रोज सांगायचा की पहिली चव बघायला होती.

आणि मग दचकी आली.

दचकी म्हणजे आत्याच्या भावाची मुलगी. आईवडील दूर नोकरीला, म्हणून शिकायला आत्याकडे ठेवलेली. आली तेव्हा पायांपेक्षा दप्तर मोठं होतं. कुकरची शिट्टी झाली की उडायची, पाल दिसली की कॉटवर, कोणी मोठ्याने शिंकलं तरी छातीवर हात. नाव ठेवलं आत्याने. लाडाने ठेवलं, पण चिकटलं. पहिल्याच वर्षी तिचं पोट असं बिघडलं की पाणीसुद्धा टिकेना. डॉक्टरांनी औषध दिलं, ते आत्याने घड्याळ लावून दिलं. सोबतीला पेजेचं पातळ पाणी, चमच्या-चमच्याने. पोरगी उठून बसली. कशाने उठली ते देव जाणे, पण सगळं श्रेय आत्याने पेजेला देऊन टाकलं आणि दचकीने ते मनात कुठेतरी लिहून ठेवलं.

म्हणूनच असेल, कॉलेजात तिने जंतूंचा विषय घेतला. दचकणारी मुलगी आणि जंतू. शिडी म्हणाला, बरं झालं, जंतू तरी ओरडत नाहीत.

जसजशी ती शिकत गेली तसतशी घाबरण्याजोगी नवी नवी गोष्ट घरी आणत गेली. दाराची कडी, भाजीची पिशवी, पायपुसणं, सगळ्यांवर काही ना काही वाढत होतं. ती इतके हात धुवायची की बोटं सुरकुतायची. माझ्याकडे पाहताना तिच्या कपाळाला एक आठी पडायची आणि मी जमेल तेवढा खिळ्यामागे सरकायचो.

शेवटच्या वर्षी तिने प्रकल्प निवडला तो आमचाच. आंबवणातले चांगले जीव रोगजंतूंना रोखतात का, हे तपासायचं. आत्याला किती आनंद झाला म्हणून सांगू. तिने त्या दिवशी बरणी बाहेरून दोनदा पुसली.

दचकीने दोन नमुने नेले. एक कॉलेजातून आणलेल्या बंद बाटलीत. दुसरा, ती बाटली भरल्यावर थोडं आंबवण उरलं म्हणून, स्वतःच्या पाण्याच्या बाटलीत. दुसऱ्या नमुन्याची तपासणी तिने आधी केली. दोन दिवसांनी काचेची बशी उघडून पाहिली तर आत हिरवी लव, गुलाबी ठिपके, काहीतरी केसाळ. ती जी घाबरली ती प्रकल्प पाहणाऱ्या मॅडमना विचारायलाही थांबली नाही. मॅडमची तिला भीती वाटायचीच. ती थेट घरी आली.

आत्या बाजारात गेली होती.

मी खिळ्यावरून सगळं पाहिलं. तिने बरणी मोरीत उपडी केली. तीन पिढ्यांचं आंबवण नळाच्या पाण्याबरोबर गोल फिरत जाळीतून खाली गेलं. पातेलंभर पाणी खळाखळा उकळून तिने बरणीत ओतलं, मग साबण, मग पुन्हा पाणी. ती रडत होती. एकटीच बोलत होती, की या सगळ्यांना काही झालं तर, आत्याला कोणी काही बोललं तर, शिडीचं पोट परवा दुखत होतंच. मायेपोटी माणसं काय काय उकळतात, ते मी तेव्हा पाहिलं.

मग तिने हात वर करून मला काढलं. पातेल्यात अजून पाणी होतं. वाफ माझ्या पोटाला लागली आणि भेगेतले सगळे एकदम निपचित झाले.

तेवढ्यात दाराची कडी वाजली.

दचकी दचकली. आयुष्यात इतक्या वेळा उगाच दचकली होती, त्या सगळ्याची त्या एका क्षणात भरपाई झाली. मी तिच्या हातातून उडालो, भिंतीवर आपटलो आणि धान्याच्या पत्र्याच्या पिंपामागे जाऊन पडलो. आत्या आत आली, दचकीने पातेलं मोरीत रिकामं केलं, आणि मी कुठे गेलो हे विचारायला तिला भान राहिलं नाही.

पिंपामागे अंधार होता आणि धान्याच्या कोंड्याचा वास. एक कोळी माझ्या दांड्यापासून भिंतीपर्यंत जाळं विणायला लागला, फार चांगला विणकर. मला आता दिसत काही नव्हतं. फक्त ऐकू येत होतं.

आत्याने बरणीचं झाकण उघडलं, ते ऐकलं. मग झाकण लागलं.

मला वाटलं, आता भांडण होईल. झालं नाही. ती मला शोधेल असं वाटलं. शोधलंही नाही. दुसऱ्या दिवशी खिडकी उघडली नाही. शिडीने दार वाजवलं तर तिने आतूनच सांगितलं की गुडघे दुखतात, काही दिवस जमणार नाही. तो म्हणाला, “आत्या, तुमच्या पेजेशिवाय सुई भलत्याच बोटात जाते.” ती हसलीसुद्धा नाही.

असे तीन आठवडे गेले. दोघी एकमेकींशी अगदी गोड बोलायच्या. भात वाढू का, वाढ, पंखा लावू का, लाव. इतकं गोड की मला पिंपामागे भरून यायचं. भेगेतले आत आहेत की गेले, तेही कळेना. कोरडेपणा मला नवा नव्हता, पण इतके दिवस कधी राहिलो नव्हतो.

मग एका दुपारी, यंत्रं जेवणासाठी थांबलेली असताना, दार उघडलं. दोन चपला दोन वेगळ्या दिशांना पडल्याचा आवाज झाला.

“आत्या, बरणी मी उकळली,” दचकी म्हणाली.

“माहीत आहे.”

“कसं?”

“साबणाचा वास आला. माझ्या आईच्या वेळेपासून त्या बरणीला तो वास नव्हता.”

“मग बोलली का नाहीस गं?”

“तू शिकलेली. तुमच्याकडे ते यंत्र असतं, बारीकातलं बारीक दिसतं. म्हटलं, पोरीला काहीतरी घाण दिसली असणार आणि मला सांगायची चोरी झाली असणार. इतकी वर्षं मी लोकांना काय पाजत होते कोण जाणे. तुलाही पाजलं.”

मी लाकूड आहे. तरी मला वाटलं की माझी भेग आणखी हातभर फाटली. म्हणजे हे होतं ते. गुडघे नव्हते. आत्याला आंबवण गेल्याचं दुःख नव्हतंच. आयुष्यभर ज्या हाताने माया केली, तो हात खराब निघाला असं तिला वाटत होतं.

दचकी मग इतकं भराभर बोलली की मला निम्मं निसटलं. पण निम्मंही पुरेसं होतं. मॅडमनी तिला विचारलं होतं की नमुना कशातून आणलास. पाण्याच्या बाटलीतून, हे ऐकल्यावर मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता. मग फ्रीजमधली बंद बाटली काढली. प्रयोगशाळेतल्या काकांनी ते सगळंच आंबवण अशा गाळणीतून काढलं की एकही जीव पलीकडे जाऊ नये, आणि गाळणीवर उरलेलं नेहमीच्या शिस्तीने नष्ट केलं. नुसतं गाळलेलं पाणी घेतलं. काचेच्या बशीत थिजवलेल्या पोषक खळीवर रोगजंतू पेरले, तिच्यात छोटे खळगे केले, खळग्यांत ते पाणी भरलं.

पिठाचा डबा उघडल्याचा आवाज आला. ती ताटात पीठ पसरून दाखवत होती. “हे सगळं पांढरं म्हणजे रोगजंतू. आणि हा खळगा. आणि आज सकाळी पाहिलं तर हे असं,” बोट ताटावर गोल फिरल्याचा आवाज, “चारी बाजूंनी मोकळं. एकही वाढला नव्हता. ते जवळच आले नाहीत, आत्या.”

“म्हणजे मी घाण नाही पाजली?”

“नाही गं. मॅडम म्हणतात, बशीत थांबले म्हणून माणसाच्या पोटातही थांबतीलच असं म्हणायचं नाही. त्याला अजून पुष्कळ तपासावं लागतं. पण आपल्या बंद बाटलीत घाण नव्हती. ती माझ्या पाण्याच्या बाटलीत होती.”

आत्याच्या नाकातून एक आवाज आला. मला वाटलं रडतेय. हसत होती. “तरी मी कानीकपाळी ओरडत होते,” ती म्हणाली, “त्या बाटलीचं बूच कधी घासतेस का म्हणून.”

दचकीही हसली, आणि हसता हसता तिचा बांध फुटला. कारण मॅडमना आता ताजा नमुना हवा होता, हे वर्तुळ नुसत्या आंबटपणाने पडलं की आणखी कशाने ते पाहायला. आणि नमुना आणायचा कुठून? गाळलेल्या पाण्यात जीव नव्हते, बरणी तिने स्वतः मारली होती. प्रकल्पाचं काय ते होवो, ती म्हणाली, पण तुझ्या आईचं आंबवण मी मोरीत ओतलं, ते कुठून आणू.

आत्या म्हणाली, “चाटू कुठंय?”

“माझ्या हातून उडाला होता, पिंपाच्या बाजूला,” दचकी म्हणाली. पलीकडचं पहिलं यंत्र सुरू झालं. मग पिंप सरकायला लागलं.

उजेडात आलो तेव्हा माझी अवस्था दाखवण्यासारखी नव्हती. अंगभर जाळं, कोंडा, एक मेलेली मुंगी. दचकीने मला नळाखाली धरलं आणि सवयीने तिचा दुसरा हात साबणाकडे गेला. बोटं वडीला टेकलीसुद्धा. मी डोळे मिटले असते, असते तर.

हात थांबला. परत आला.

आत्याने कोरड्या फडक्याने मला झटकलं, गार पाण्याची एक धार दिली, आणि बरणीला अजून साबणाचा वास होता म्हणून ती बाजूला सारून एका स्वच्छ मातीच्या भांड्यात भरड भिजवली. मग मला आत उभं केलं. फडकं बांधलं. नेहमी ढवळून बाहेर यायचो. या वेळी तिथेच ठेवलं.

पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी वास आला तो वाईट, ओल्या पायमोज्यासारखा. दचकीचा चेहरा उतरला. आत्या म्हणाली, “भलतेच पाहुणे आधी जेवून घेतात. घरचे मागून येतात.” तिने बरंचसं ओतून टाकलं, वाटीभर ठेवलं, नवी भरड घातली. तिसऱ्या दिवशी वास गेला. पोटात मला काहीतरी वाटल्यासारखं वाटलं, पण मी स्वतःवर विश्वास ठेवला नाही. आशेने माणूस फसतो, तर लाकडाचं काय. पुन्हा तसंच, पुन्हा वाटीभर.

पाचव्या दिवशी सकाळी गुदगुल्या झाल्या. एक, मग दोन, मग सगळीकडून. फडक्याखाली भरड वर चढत होती. एक बुडबुडा माझ्या मानेपाशी येऊन फुटला, आणि तेवढ्याशा आवाजाने दचकी दचकली.

पेज शिजली. आत्याने पहिला घोट स्वतः घेतला, डोळे मिटून. दचकी श्वास रोखून उभी. आत्याने वाटी तिच्याकडे सरकवली आणि म्हणाली, “थोडी रुसलीय. पण आईचीच आहे.”

त्या दिवशी खिडकी उघडली. शिडीने तीन वाट्या प्यायल्या. पहिल्या दोन चव बघायला होत्या.

मॅडमना मात्र ‘आईचीच आहे’ एवढं पुरेना. ही तीच मंडळी की दुसरी, ते तपासावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. म्हणून मी एकदा कॉलेजही पाहिलं, स्वच्छ फडक्यात गुंडाळून, दचकीच्या मांडीवर बसून. मॅडम मला वाटल्या होत्या तशा नव्हत्या. त्यांनी माझ्या भेगेतून सुरीने तीन बारीक कपच्या काढल्या, आणि त्याआधी आत्याला फोन करून परवानगी घेतली. ताज्या आंबवणाच्या पाण्यातला आंबटपणा मारून त्यांनी पुन्हा तीच बशी मांडली. वर्तुळ आक्रसलं होतं, पण पुसलं गेलं नव्हतं. म्हणजे आंबटाखेरीज आणखी काहीतरी होतं. ते काय, आणि मंडळी तीच का, याचा शोध चालू आहे. दचकी अजून तिथेच शिकतेय. माझ्या तीन कपच्या एका छोट्या नळीत, कडाक्याच्या थंडीत झोपल्या आहेत. मला कधीकधी त्यांची काळजी वाटते.

आता मी थकलोय. ढवळून ढवळून एका बाजूने झिजलोय, भेग दांड्यापर्यंत आलीय. एखाद्या दिवशी घट्ट भरडीत माझे दोन तुकडे होतील. आत्याला ते कळतं. हल्ली ती मला हलक्या हाताने फिरवते.

परवा दचकीने नवा चाटू आणला. दुकानातला, गुळगुळीत, वरून चकचकीत रोगण. तिने तो दोन दिवस घासून रोगण पार काढलं. मग सुरीचं टोक घेऊन त्याच्या पोटावर एक बारीक चीर ओढली. उकळल्याशिवाय कशाला हात न लावणारी ही मुलगी. चीर सरळ आली. मग तिने नवा खिळा शोधला नाही. आम्हा दोघांना आंबवणात बुडवून काढलं आणि एकाच खिळ्यावर टांगलं, पोटाला पोट लावून.

तो नवा फार घाबरलाय. भिंतीपलीकडे यंत्र सुरू झालं की थरथरतो. मी त्याला सांगतो, थोडा धीर धर, आत कोणीतरी राहायला येतंय.

तुमच्याही घरात असा एखादा म्हातारा टांगलेला असेल. कळकट दिसला तरी त्याला साबण लावू नका. आणि मायेने, भीतीने काही उकळायला निघालात तर आधी घरात कोणाला तरी एकदा विचारा. एवढंच. आत्या भरड भिजवतेय. मला हाक येईल आता.